सामुदायिक स्वयंपाकघर आणि सावरलेली माणसं: नेमकं काय घडतं तिथे?

मोठं पातेलं (धागाकर्ती)

एका सामुदायिक स्वयंपाकघरात स्वयंसेवकांच्या पाळ्या लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कोण कधी येणार, कुणाला कुठे उभं करायचं, कोण न सांगता दांडी मारतंय, सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळे माणसं येताना कशी असतात आणि काही महिन्यांनी कशी होतात, हे आपसूक बघायला मिळतं. कुणाची दारू सुटत नसते. कुणाची नोकरी गेलेली असते. कुणाला तुरुंगातून सुटल्यावर दारात उभं करत नाहीत, तर कुणाला जोडीदार गेल्यापासून घर खायला उठतं. यातले बरेच जण टिकत नाहीत. जे टिकतात त्यांतल्या काहींची गाडी मात्र खरंच रुळावर येते. ती का येते, यावर बोलायला हा धागा काढलाय.

'सेवेने मन शुद्ध होतं' वगैरे मला पटत नाही. मन शुद्ध करायला आलेली मंडळी सगळ्यात आधी गळतात. त्यांना पहिल्याच दिवशी वाढायला उभं राहायचं असतं. समोरचा हसतो, दोन शब्द चांगले बोलतो, बरं वाटतं. मग एक दिवस कुणीतरी "एवढंच?" म्हणून खेकसतो आणि उत्साह संपतो.

मोडून आलेल्या माणसाला मी मोरीवर पाठवते. तिथे लोकांकडे पाठ असते. कुणाशी बोलावं लागत नाही. हात थरथरत असले तरी पातेलं काही फुटत नाही. आणि मुख्य म्हणजे काम संपलेलं डोळ्यांना दिसतं. ज्याच्या आयुष्यात वर्षभर काहीच तडीला गेलेलं नाही, त्याच्यासमोर तासाभरात घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यांची रांग उभी राहते. ती त्याने स्वतः लावलेली असते आणि त्यात कुणाला शंका काढता येत नाही.

दुसरी पायरी सोलण्या-चिरण्याची. चारपाच जण गोल बसलेले, नजरा हातातल्या कांद्यावर. समोरासमोर खुर्चीत बसवून विचारलं तर जे बोलणार नाहीत, ते इथे शेजारच्याला सांगून मोकळे होतात. कांद्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं स्पष्टीकरण पण द्यावं लागत नाही.

आता माझं खरं म्हणणं. माणूस सावरतो तो आपण चांगलं काम करतोय या जाणिवेने नाही. आपण आलो नाही तर अडतं, या जाणिवेने सावरतो. घरच्यांनी त्याच्यावर विसंबणं केव्हाच सोडलेलं असतं, आणि त्यांचंही चुकत नाही. इथे मात्र साडेपाचला मोठं पातेलं रिकामं हवं असतं, आणि ते घासणारा तो एकटाच असतो. नाहीच आला तर आभाळ कोसळत नाही, दुसरा कुणीतरी कुरकुरत घासतो. पण अडतं. एवढंसंच ओझं लागतं. मोडलेल्या माणसावर त्याहून जास्त टाकू नये आणि कमीही टाकू नये, असं माझं मत झालंय.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असतील तर आधी लिहा.

सहजच

सुंदर लिहिलंय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध शंका: ज्याला चहासुद्धा करता येत नाही अशाने यावं का?

मोठं पातेलं

@सहजच, जरूर यावं. मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष रांधणारे दोघंतिघंच असतात. बाकी सगळं काम सोलणं, धुणं, उचलणं, पुसणं, मोजणं आणि आवरणं. उलट "मला उत्तम स्वयंपाक येतो" म्हणणारेच जास्त अडचण करतात. चारशे माणसांच्या मिठाचा अंदाज चार माणसांच्या मिठाला शंभराने गुणून येत नाही, हे त्यांना पटवताना नाकी नऊ येतात.

रात्रपाळी

वाचनमात्र असतो, पण इथे लिहायलाच हवं.

मी समुपदेशकांनी पाठवल्यामुळे गेलो होतो. स्वतःहून गेलो असं सांगायला आवडलं असतं. तेव्हा बहिणीकडे राहत होतो आणि तिचे यजमान माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलत. दारू बंद होऊन थोडेच दिवस झाले होते, उपचार चालू होते.

धाग्यात एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे वेळ. संध्याकाळची पाळी पाचला सुरू होते आणि आवरून निघेपर्यंत साडेनऊ. पिणाऱ्याला विचारा, दिवसातले अवघड तास कुठले. हेच. दिवसभर माणूस कसाही निभावतो, पण अंधार पडायला लागला की पाय आपोआप ठरलेल्या दिशेला वळतात. त्या वेळी माझे हात कोपरापर्यंत साबणात असायचे. मनोनिग्रह वगैरे काही केलं नाही मी. मी तिथे नव्हतो, इतकंच. घरी पोचलो की इतका दमलेलो असायचो की जेवून आडवा.

दुसरं, मला तिथे कुणी काही विचारलं नाही. नाव विचारलं आणि अॅप्रन दिला. आधी वाटलं, माणसं कोरडी आहेत. नंतर कळलं की निम्म्यांना स्वतःबद्दल सांगायचं नसतं, म्हणून ते दुसऱ्यालाही विचारत नाहीत. रोज निघताना मात्र एक प्रश्न असायचा, "उद्या येताय ना?" इतरत्र सगळे मला "कालचं काय?" असं विचारत होते. उद्याबद्दल विचारणारी तेवढी एकच जागा होती.

नोकरी लागायलाही त्याचाच उपयोग झाला. मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं की आधी तोंड शिवलेलं असायचं. आता सांगायला काहीतरी होतं, आणि वेळेवर येतो एवढं छातीठोक सांगणारा एक माणूस होता.

शंकासुर

विरोधी मत आधी मागितलंत, म्हणून लिहितो. राग नसावा.

एक. तुम्हाला फक्त टिकलेले दिसतात. आले, दोनदा भांडी घासली आणि गेले, त्यांचं पुढे काय झालं हे तुमच्या वहीत नाही. टिकणारे कदाचित आधीपासूनच सावरायच्या मार्गावर असतील. श्रेय स्वयंपाकघराला का?

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. स्वयंपाकघर भुकेल्यांसाठी आहे की स्वयंसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी? वॉशिंग्टनमधल्या 'डीसी सेंट्रल किचन'चे संस्थापक रॉबर्ट एगर यांचा आक्षेप नेमका हाच होता: दानात देणाऱ्याचा उद्धार होतो, घेणारा जिथल्या तिथे राहतो. या अख्ख्या धाग्यात जेवायला येणाऱ्यांबद्दल एक वाक्य आहे, आणि तेही खेकसणाऱ्या माणसाबद्दल.

सहजच

शंकासुर नावाला जागले. पण दुसरा मुद्दा बिनतोड आहे. +१

मोठं पातेलं

@शंकासुर, पहिला मुद्दा मान्य. माझ्याकडे आकडेवारी नाही आणि मी ती असल्याचा आव आणत नाही. पण "आधीच सावरायच्या मार्गावर होते" हे अर्धंच उत्तर झालं. मार्गावर असलेला माणूससुद्धा चालायला जागा नसेल तर परत फिरतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मला उत्तर आहे, पण ते माझ्यापेक्षा पलीकडून आलेल्या कुणी दिलं तर बरं. इथे असं कुणी असेल तर लिहावं.

निळी शाई

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. धागाकर्तीचं निरीक्षण शास्त्राला धरून आहे, फक्त शास्त्रातली भाषा जरा रुक्ष असते.

नैराश्यात माणूस म्हणतो, बरं वाटलं की कामाला लागेन. उपचारांत ही साखळी उलटी करावी लागते: आधी ठरल्या वेळी ठरलेली छोटी कृती, बरं वाटणं मागून येतं. याला बिहेविअरल अॅक्टिव्हेशन म्हणतात. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संपूर्ण कॉग्निटिव्ह थेरपीतला (विचारांची घडण बदलायची उपचारपद्धती) फक्त हा कृतीचा भाग वेगळा काढून दिला, तरी नैराश्यात तो संपूर्ण थेरपीच्या तोडीचा ठरला. मोरीवरचं पातेलं म्हणजे तसा हा गृहपाठच, फक्त कुणी तपासायला घेत नाही.

मदत करणाऱ्यालाच मदत होते, हे फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडलं, 'हेल्पर थेरपी' या नावाने. त्याच्याही तीस वर्षं आधी हे प्रत्यक्षात घडलं होतं. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन ओहायोतल्या अॅक्रन गावी कामासाठी गेले होते. व्यवहार फिसकटला आणि हॉटेलच्या बारकडे पाय ओढू लागले. दारू सोडून त्यांना काहीच महिने झाले होते. बारमध्ये जाण्याऐवजी त्यांनी फोन फिरवले आणि दारूच्या विळख्यातल्या दुसऱ्या कुणाशी बोलता येईल का, अशी विचारणा केली. स्वतःला वाचवा असं कुणाला सांगितलं नाही, ज्याला मदत करता येईल असा माणूस शोधला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीची, सुरुवात झाली.

@शंकासुर, म्हणून 'देणाऱ्याचा उद्धार' या शब्दांत मला फार वाईट काही दिसत नाही. मात्र देणारा आणि घेणारा यांच्यातली भिंत पक्की असेल तर तुमचा आक्षेप खरा ठरतो.

आता कळकळीची सूचना. स्वयंपाकघर म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून बंद, सेवेला जातो" म्हणून एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दोनतीन दिवसांनी भ्रम, ताप, प्रचंड थरथर अशी अवस्था होऊ शकते. आधी डॉक्टर, मग मोरी. जीव द्यायचे विचार येत असतील तरीही आधी डॉक्टर.

रात्रपाळी

@निळी शाई, याला हजार वेळा अनुमोदन. माझ्याबरोबर एक जण सुरू झाला होता, त्याला तिसऱ्या दिवशी तिथूनच दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने ओळखणारं माणूस हजर होतं.

कांदेबटाटे

मी आचारी. तत्त्वज्ञान तुमचं चालू द्या, मी चुलीकडचं सांगतो.

सावरायला आलेला माणूस उत्साही असतो आणि दांडी मारायला घाबरतो. चांगलंच आहे. पण पोट बिघडलेलं असताना तोच उत्साह चारशे जणांना महागात पडतो. उलटी-जुलाब थांबून पूर्ण दोन दिवस झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. मी अशांना दारातून परत पाठवतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो, त्यांना वाटतं काढून टाकलं. म्हणून पाठवतानाच परवाची पाळी वहीत लिहून दाखवतो.

झोप येणारी औषधं चालू असतील तर सुरी आणि शेगडीपासून लांब. कुठलं औषध, कशासाठी, मला सांगायची गरज नाही. "आज सुरी नको" एवढं म्हटलं की पुरे.

उरलेलं अन्न मोठ्या पातेल्यात तसंच ठेवून घरी जाणारे महाभाग असतात. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि खोल पातेलं मधोमध तासन् तास कोमट राहतं. भात तर सगळ्यात फसवा. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्याने केलेलं विष परत गरम करून जात नाही. उथळ ताटांत पसरा, लवकर गार करा, फ्रीजमध्ये टाका. हे काम मी मुद्दाम नव्या माणसाला देतो. थर्मामीटर हातात दिला की त्याची पाठ सरळ होते. ज्याच्या शब्दाला घरात किंमत नाही, तो इथे "हे गार झालेलं नाही, थांबा" म्हणतो आणि मला थांबावं लागतं.

सहजच

थर्मामीटरचं वाचून मजा आली. वाचनखूण साठवली.

उशिराचा पाहुणा

धागाकर्तीने पलीकडून आलेल्याला बोलावलंय. मी तिथे आधी जेवायला जायचो.

शंकासुर बरोबर बोलतात. ताट घेऊन रांगेत उभं राहणं सोपं नसतं. वाईट वागणारे थोडेच, दया दाखवणारे जास्त. आवाज मऊ करून, मान तिरकी करून बोलतात. मला रस्सा हवा होता, तो मऊ आवाज नको होता.

बदल झाला तो एका अगदी फालतू क्षणी. सामानाची गाडी आली होती, माणसं कमी होती, आणि आतून एक बाई ओरडल्या, "अहो, रिकामे आहात ना? ही पोती धरा जरा!" आवाज अजिबात मऊ नव्हता. पोती उतरवली. मग त्या म्हणाल्या, "उद्या पण गाडी आहे." मी जेवणाच्या वेळेच्या आधी यायला लागलो. जेवण तेच, पण काम करून इतरांबरोबर बसून खाल्लेलं. फरक काय पडतो, असं विचारणाऱ्याला मी ते समजावू शकणार नाही.

म्हणून माझं मत: भिंत घालवायची असेल तर जेवायला येणाऱ्यालाच काम मागा. सक्तीने नाही. काम केलं तरच जेवण, असं झालं की तो सौदा होतो आणि ज्याला उभं राहवत नाही तो उपाशी राहतो. पण विचारा तरी. आम्हाला कुणी विचारतच नाही.

एगर यांचं उदाहरण निघालंच आहे तर पुढचंही सांगायला हवं. ते टीका करून थांबले नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी स्वयंपाकघर सुरू केलं ते अध्यक्षांच्या शपथविधी सोहळ्यातलं उरलेलं अन्न गोळा करून, आणि लवकरच बेघर, बेकार, तुरुंगातून सुटलेल्या लोकांना तिथेच स्वयंपाकाचं प्रशिक्षण द्यायला लागले. म्हणजे घेणाराच रांधणारा झाला. लंगरात तर हे शतकानुशतकं चालू आहे. अमृतसरला रोज पन्नास हजारांच्या वर माणसं जेवतात. सगळे एका पंगतीत जमिनीवर, आणि आत्ता जेवून उठलेला पाच मिनिटांत भांडी घासायला बसलेला असतो. तिथे घेणारा आणि देणारा वेगळे काढून दाखवा.

निळी शाई

उत्तम प्रतिसाद. लंगरावरून आठवलं, अकाल तख्त हे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ चुकलेल्या माणसाला जी 'तनखाह', म्हणजे प्रायश्चित्त, सुनावतं, तीत लंगराची भांडी घासणं आणि भाविकांचे जोडे पुसणं असतं. मोठमोठ्या राजकारण्यांनीही ती केलीय. बाहेर हाकलण्याऐवजी मोरीवाटे परत आत घेतात. न्यायालयांना हे उशिरा सुचलं. इंग्लंडमध्ये समाजसेवेची शिक्षा १९७३ पासून द्यायला लागले, आणि आपल्याकडे १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती काही किरकोळ गुन्ह्यांसाठी आली.

शंकासुर

@उशिराचा पाहुणा, दंडवत. माझा दुसरा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण तुम्हाला तसा आवाज देणाऱ्या बाई सगळीकडे नसतात. पहिला मुद्दा पूर्ण शाबूत आहे.

अवांतर: शिक्षा म्हणून पाठवलेल्यांबद्दल धागाकर्तीचा अनुभव काय?

मोठं पातेलं

शिक्षेवर आलेले तास मोजतात, आणि त्यात गैर काही नाही. बरेचसे तास संपताच जातात. क्वचित एखादा तास संपल्यावरही येत राहतो. त्याला मी कधीच "का आलास?" विचारत नाही, सरळ पाळी लावते.

एक काळी बाजूही लिहायला हवी. काही जण सावरत नाहीत, नुसते लपतात. सकाळी येतात, रात्री जातात, सुट्टी घेत नाहीत. सगळे कौतुक करतात, "काय समर्पण!" इकडे मुलांना बाप दिसत नाही आणि नोकरीचा अर्ज लिहायचा राहतो. दारूऐवजी स्वयंपाकघर, बस. म्हणून आमच्याकडे पाळ्यांना आठवड्याची मर्यादा आहे. त्यावर माझी भांडणं झालीत, पण मी हटत नाही.

पैशांच्या पेटीला कायम दोघं, माझ्यासकट सगळ्यांना तोच नियम. जुगाराची सवय असलेला माणूस आला तर त्याच्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही, आणि त्याच्या मनाला तो लागतही नाही. गायब होऊन परत आलेल्यासाठीही नियम आहे. पिऊन आला तर त्या दिवशी आत नाही, यात तडजोड नाही. शुद्धीत परत आला तर प्रवचन नाही, पुन्हा मोरीपासून सुरुवात.

खिडकीपाशी

पहिल्यांदाच लिहितेय. माझा धाकटा भाऊ शिक्षण अर्धवट सोडून वर्षभर खोलीतच आहे. व्यसन नाही, पण रात्री जागतो, दिवसा झोपतो, कुणाशी बोलत नाही. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, थोडा फरक आहे. त्याला अशा ठिकाणी पाठवावं का? आई म्हणते, जबरदस्ती करून धाड.

रात्रपाळी

ताई, धाडू नका. मला पाठवलं होतं हे खरं, पण ज्यांनी पाठवलं ते घरचे नव्हते. घरच्यांनी धाडलं की ती शिक्षा वाटते.

निळी शाई

डॉक्टरांच्या कानावर घाला. ते बहुतेक हो म्हणतील, पण औषधांच्या वेळा आणि झोप बघून पाळी ठरवता येईल. दिवसा झोपणाऱ्याला सकाळी सहाची पाळी दिलीत तर पहिल्याच दिवशी हरेल.

मोठं पातेलं

@खिडकीपाशी, त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः नाव नोंदवा. मग एखाद्या दिवशी म्हणा, पोती उचलायला माणूस कमी आहे, तासभर येतोस का. हे खरं असेल तेव्हाच म्हणा. तसं ते बहुतेक दिवशी खरंच असतं. त्याची कहाणी आधी तिथल्या कुणाला सांगून ठेवू नका, नाहीतर सगळे मऊ आवाजात बोलायला लागतील. तासाभरात निघायचं म्हणाला तर निघा, "अजून थोडं थांब" नको. घरी आल्यावर कसं वाटलं म्हणून उलटतपासणी पण नको. आणि आलाच नाही, तरी तुमची पाळी तुम्ही चालू ठेवा. या सगळ्यात तुमचंही वर्ष गेलंय.

खिडकीपाशी

शेवटचं वाक्य अपेक्षित नव्हतं. आभारी आहे. शनिवारी चौकशी करून येते.

कांदेबटाटे

शनिवारी कामाचा रेटा असतो, चौकशीला मधल्या वारी दुपारी जा, तेव्हा आचारी माणसासारखं बोलतो. नखं कापून, केस बांधून, अंगठ्या घरी ठेवून. पायात बंद बूट, मोरीपाशी घसरतं. भाऊ आला तर त्यालाही तेच.